जळगावात राहून डेटा संरक्षणाचा नियामक होता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.एस्सी. कॉम्प्युटर झालंय, जळगावला एलएलबीचं शेवटचं वर्ष चालू आहे, घरच्यांचा ओढा न्यायाधीशाच्या परीक्षेकडे आहे, पण विचारणाऱ्या मुलीला डेटा प्रोटेक्शनमध्ये ‘रेग्युलेटर’ व्हायचंय. परीक्षा कोणती, कोर्स कोणता, आणि पुण्याला गेल्याशिवाय सुरुवात होईल का?

ताई, आधी परीक्षेचं मिटवू. अशी परीक्षा नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि नियामक म्हणजे त्या कायद्याखालचं भारतीय डेटा संरक्षण मंडळ. सदस्यसंख्या चार, मुख्यालय राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात. अध्यक्ष सुचवणाऱ्या समितीवर कॅबिनेट सचिव प्रमुख असतात, सदस्यांसाठीच्या समितीवर इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव. नेमणूक दोन वर्षांची, पुन्हा होऊ शकते. पगार अध्यक्षाला महिना साडेचार लाख, सदस्याला चार लाख, घर-गाडी त्यातच बघायची. पद सुटल्यावर वर्षभर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय कुठली नोकरी धरता येत नाही. पात्रतेत कुठल्याही पदवीचं नाव नाही. डेटा गव्हर्नन्स, ग्राहक संरक्षणाच्या कायद्यांची अंमलबजावणी, तंटा निवारण, माहिती तंत्रज्ञान, कायदा, नियमन यांतलं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव, एवढंच म्हटलंय. किमान एक सदस्य कायद्याचा तज्ज्ञ हवा. थोडक्यात, ती खुर्ची वीस-पंचवीस वर्षं काम केल्यावरची आहे. तिच्याकडे बघून आज कोर्स निवडू नका.

तुमच्या उपयोगाचा थर त्याखालचा. मंडळाला अधिकारी-कर्मचारी लागणार, आणि नियमांनी त्यांच्यासाठी ठेवलेली मुख्य वाट प्रतिनियुक्तीची आहे: केंद्र सरकार, राज्य सरकार, स्वायत्त संस्था, सरकारी कंपन्या यांतली माणसं जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. म्हणजे आधी कुठल्यातरी सेवेत असायला हवं. इथे राज्यसेवेतून सहकारी संस्थांचे सहाय्यक निबंधक होणाऱ्यांना लोक उगाच कमी लेखतात. सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करणं ज्याने चार-सहा संस्थांत केलंय, त्याला नोटीस काढणं, दप्तर ताब्यात घेणं, जबाब, खुलासा, निष्कर्ष हा सगळा क्रम हातात बसलेला असतो. डेटाच्या चौकशीचा सांगाडा तोच आहे. पतसंस्थांच्या चौकश्या खानदेशाला काही नव्या नाहीत.

दुसरी वाट खासगी. सरकार ज्या मोठ्या संस्थांना ‘महत्त्वाचे डेटा फिड्युशिअरी’ (फिड्युशिअरी म्हणजे लोकांची माहिती कशासाठी, कशी वापरायची ते ठरवणारी संस्था) म्हणून घोषित करेल त्यांना भारतात राहणारा डेटा संरक्षण अधिकारी (डीपीओ) नेमावा लागेल, स्वतंत्र डेटा ऑडिटर नेमावा लागेल आणि दर बारा महिन्यांनी परिणाम मूल्यांकन व ऑडिट करावं लागेल. या कचेऱ्यांत, ऑडिट फर्ममध्ये किंवा वकिलांच्या फर्ममध्ये आठ-दहा वर्षं काढून नियमनाकडे वळणं जगभर चालतं.

न्यायाधीशाच्या परीक्षेचं म्हणाल तर ती सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या भरतीसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. म्हणजे तीन वर्षं तुम्हाला कोर्टात काढायचीच आहेत. योगायोगाने डेटा संरक्षण कायद्याच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. ती तीन वर्षं आणि हा काळ एकमेकांवर बसतात. घरच्यांनाही हे पटवता येईल.

आता कामाकडे येऊ, कारण ‘पॉलिसी’ या शब्दामुळे फार गैरसमज होतो. लोकांना वाटतं नियामक म्हणजे सेमिनारला जाऊन धोरणावर बोलणारा. त्याचा बहुतेक दिवस एका प्रश्नात जातो: ही माहिती इथून तिथे गेली कशी? कायद्याची कलमं चव्वेचाळीस आहेत, आठवड्यात वाचून होतात. माहितीचा माग काढणं शिकायला वर्षं लागतात, आणि ते शिकायला जळगाव-धुळ्यासारखी जागा नाही, कारण इथे संस्था छोट्या आहेत आणि सगळा प्रवास एका दुपारी डोळ्यांनी बघता येतो.

तालुक्याच्या गावची एक नागरी पतसंस्था घ्या. खातं उघडायचा अर्ज, आधारची झेरॉक्स, पॅन, दोन फोटो, मोबाईल नंबर, वारसाचं नाव. हा कागद काउंटरवरून कुठे कुठे जातो ते लिहून काढा. क्लार्क तो संगणकात भरतो. झेरॉक्स स्कॅन करून ‘केवायसी नवीन’ नावाच्या फोल्डरमध्ये पडते, आणि तो फोल्डर शाखेतल्या चारही संगणकांवर शेअर असतो. स्कॅनर बिघडला की क्लार्क मोबाईलवर फोटो काढून शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. मग ते आधार कार्ड आठ-दहा जणांच्या फोनमध्ये, आणि त्यांच्या गूगल फोटोच्या बॅकअपमध्येही. पिग्मी एजंटकडे अ‍ॅप असतं, त्यात खातेदाराचं नाव, नंबर, पत्ता, शिल्लक. एजंट बदलतो, अ‍ॅप जुन्या फोनमध्ये तसंच राहतं. सॉफ्टवेअरवाला पुण्यात किंवा नाशकात, तो एनीडेस्कवरून (दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर) आत येतो आणि पासवर्ड सगळ्यांना पाठ. रात्रीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह आगीच्या भीतीने कुणाच्या तरी घरी. कर्ज थकलं की नाव-रक्कम-गाव यादीत येतं आणि यादी वसुलीवाल्यांकडून पुढे सरकते.

याची आता एक्सेलमध्ये नोंदवही करा. रकाने आठ: कोणती माहिती, कुठून आली, कशासाठी, कायद्यातल्या कोणत्या आधारावर, कुठे साठवली, कोण बघतं, बाहेर कोणाला जाते, कधी खोडायची. एका अर्जातून वीस-पंचवीस ओळी सहज निघतात. ‘कशासाठी’ या रकान्यात ‘केवायसी’ असं मोघम लिहिलंत तर सगळी मेहनत वाया. वारसाचा मोबाईल नंबर कशाला घेतला? व्यवस्थापकाला उत्तर देता आलं नाही, तर तो रकानाच तुमचा पहिला निष्कर्ष. काउंटरवरची म्हातारी अहिराणीत ‘तुमले हाई कसाले जोयजे?’ विचारते तेव्हा ती हेच विचारत असते.

ही नोंदवही करताना नवशिके चार-पाच ठिकाणी हमखास चुकतात. पहिली चूक, कागदालाच कायदा लावणं. हा कायदा डिजिटल माहितीला, आणि कागदावरून पुढे डिजिटल केलेल्या माहितीला लागतो. कपाटातली झेरॉक्स बाहेर, स्कॅन केली की आत. दुसरी, सगळ्याला संमती मागणं. जिथे दुसऱ्या कायद्यानेच माहिती द्यावी लागते तिथे संमतीचा फॉर्म भरून घेणं म्हणजे फसवणूकच, कारण खातेदाराने उद्या संमती मागे घेतली तर संस्था काय करणार? संमती देणं जितकं सोपं, मागे घेणं तितकंच सोपं असलं पाहिजे, असं कायदा म्हणतो. तिसरी, ‘डेटा सॉफ्टवेअरवाल्याकडून गेला’ म्हणून हात झटकणं. कायद्याने जबाबदारी संस्थेवरच ठेवली आहे, करारात काहीही लिहिलेलं असो. उलट वैध करार नसताना बाहेरच्याला डेटा हाताळायला दिला, तर तोच वेगळा दोष. चौथी, थकबाकीदाराच्या बाबतीत. बुडीत कर्जदाराची मालमत्ता व आर्थिक स्थिती शोधण्यापुरती वित्तीय संस्थांसाठी कायद्यात सूट आहे. नाव-फोटोचा फ्लेक्स चौकात लावायला ती पुरत नाही, आणि सूट असली तरी माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी सुटत नाही. पाचवी मुलांची. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला कायदा मूल धरतो, त्यामुळे सोळा वर्षांच्या पोराचं बचत खातं असो की क्लासेसचं अ‍ॅप, पालकाची पडताळता येणारी संमती लागते. अपवाद आहेत, पण ते नियमांच्या परिशिष्टात वाचूनच लावायचे, अंदाजाने नाही.

गळतीची फाइल हे या कामाचं दुसरं अंग, आणि माझ्या मते उमेदवाराचा कस तिथेच कळतो. माहिती फुटली की संस्थेने मंडळाला विनाविलंब कळवायचं: काय झालं, किती, कधी, कुठे, परिणाम काय होऊ शकतो. मग ७२ तासांत सविस्तर: कारण काय, कोणामुळे झालं याबद्दल काय सापडलं, काय उपाय केले, पुन्हा होऊ नये म्हणून काय, आणि बाधित लोकांना कळवल्याचा अहवाल. बाधित माणसालाही विनाविलंब, साध्या भाषेत. युरोपच्या कायद्यात धोका नगण्य असेल तर कळवायची गरज नसते. आपल्याकडे असा उंबरठा ठेवलेला नाही. पेन ड्राइव्ह हरवला तरी गळतीच. शिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना वेगळं कळवायचं. दोन घड्याळं एकाच वेळी चालतात, आणि बहुतेक संस्थांना पहिल्याचीही खबर नसते.

फाइल हातात आली की निष्कर्षाच्या आधी वेळापत्रक लिहा. एक उभी रेघ, डावीकडे वेळ, उजवीकडे घटना आणि ती कुठल्या पुराव्यावरून कळली. समजा सर्व्हरच्या लॉगमध्ये (कोण कधी आत आलं, काय केलं याची आपोआप होणारी नोंद) रात्री २०:४५ ला एकाच आयडीवरून नऊ हजार नोंदी उतरवल्या गेल्याचं दिसतं. शाखा सहाला बंद झालेली, म्हणून शंका बाहेरच्या हॅकरवर. पण लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे: भारतीय वेळ रात्री सव्वादोन. आणि रात्री दोन-सव्वादोनला रोज सॉफ्टवेअरवाल्याचा आपोआप बॅकअप चालत असेल, तर कदाचित गळतीच नाही, किंवा गळती बॅकअप जिथे पोचतो तिथे आहे. साडेपाच तासांच्या या एका चुकीवर चुकीच्या माणसावर ठपका बसतो. म्हणून लॉग हातात घेतल्यावर पहिला प्रश्न: हे घड्याळ कुठलं? दुसरा: लॉग किती दिवसांचे आहेत? नियमांप्रमाणे वर्षभराचे हवेत. छोट्या ठिकाणी पंधरा दिवसांत जुन्यावर नवे लिहिले जातात, म्हणून लॉगची प्रत पहिल्याच दिवशी घ्या आणि हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) नोंदवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक पक्षकाराने भरायचा, एक तज्ज्ञाने, आणि हॅश त्यात लिहावी लागते. जळगाव-धुळ्याच्या कोर्टात आज हे प्रमाणपत्र नीट भरणारे वकील थोडे आहेत. तुमची कॉम्प्युटरची पदवी इथे ताबडतोब उपयोगी पडेल.

मंडळाला दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढण्याचे, दस्तऐवज मागवण्याचे अधिकार आहेत, पण संस्थेचं रोजचं काम बंद पडेल अशी उपकरणं उचलून नेता येत नाहीत. म्हणजे नेमकं काय मागायचं हे ठाऊक असावं लागतं. ‘सर्व संबंधित माहिती सादर करावी’ असं पत्र काढलं की समोरचा चार पेट्या रद्दी पाठवतो. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, या सर्व्हरचे, या आयडीचे लॉगिन लॉग, सीएसव्ही स्वरूपात’ असं मागितलं की काम होतं. चौकशी सहा महिन्यांत संपवायची, मुदतवाढ एका वेळी तीन महिन्यांची, तीही कारण लेखी देऊन.

मग दंड. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत, गळती न कळवल्याबद्दल २०० कोटींपर्यंत, मुलांबाबतच्या तरतुदी मोडल्याबद्दलही २०० कोटींपर्यंत. आकडे बघून लोक घाबरतात, पण त्यातला कामाचा शब्द ‘पर्यंत’. किती लावायचा हे उल्लंघनाचं गांभीर्य व कालावधी, माहितीचा प्रकार, पुनरावृत्ती, त्यातून झालेला फायदा, नुकसान कमी करायला केलेली धडपड, आणि दंडाचा त्या संस्थेवर होणारा परिणाम यांवरून ठरवायचं, आणि आदेशात प्रत्येकाची कारणं लिहायची. कारणं कच्ची असली की अपिलात आदेश टिकत नाही. अपील साठ दिवसांत दूरसंचार तंटा लवादाकडे, म्हणजे टीडीसॅटकडे जातं. ब्रिटनचं उदाहरण अभ्यासा. तिथल्या नियामकाने जुलै २०१९ मध्ये ब्रिटिश एअरवेजला सुमारे १८.३ कोटी पौंड दंड लावण्याचा इरादा जाहीर केला. कंपनीचं म्हणणं ऐकून घेऊन ऑक्टोबर २०२० मध्ये प्रत्यक्षात लावला २ कोटी पौंड. तो अंतिम आदेश वाचा. फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०१९ मध्ये गूगलला लावलेल्या ५ कोटी युरोंच्या दंडाचा आदेशही वाचा. माहिती पाच-सहा क्लिकांआड लपवली होती हे तिथे मोजून दाखवलंय. महिन्याला असे दोन आदेश वाचून प्रत्येकाची एका पानात टिपणी करा. कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मुलाखतीत याचा उपयोग जास्त होतो.

एक गोष्ट पक्षकाराला आधीच सांगावी लागते. दंड भारताच्या संचित निधीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून काही मिळत नाही. भरपाईचा जुना मार्ग माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ चा, आणि ते कलमही मे २०२७ मध्ये निघून जाणार आहे. तोवर पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतात. नवीन वकिलाला शिकायला ही चांगली जागा आहे. आणखी एक: माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मधला बदल नोव्हेंबर २०२५ पासूनच लागू झालाय, त्यामुळे ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून नाकारलेले अर्ज तुमच्याकडे येतील. गोपनीयतेच्या नावाखाली ठेकेदाराची बिलं झाकली जातात की खरंच कुणाचं खासगी आयुष्य जपलं जातंय, हे वेगळं करता येणं नियामकाचंच कौशल्य आहे. कलम ८(२) मधली व्यापक जनहिताची तरतूद अजून शिल्लक आहे, ती वापरा.

कोर्सबद्दल थोडक्यात. आयएपीपी या गोपनीयता व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सीआयपीपी/ई हे प्रमाणपत्र युरोपच्या कायद्यावर आहे, जगभर चालतं, पण फी डॉलरमध्ये. पहिल्या वर्षी घेऊ नका. फर्ममध्ये लागलात तर बरेचदा फर्मच भरते. डीएससीआय या भारतीय डेटा सुरक्षा संस्थेचं डीसीपीपी प्रमाणपत्र भारतीय संदर्भातलं आहे, आधी ते करा. ‘पंधरा दिवसांत डीपीओ व्हा’ छाप वर्गांवर पैसे घालवू नका. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि लॉग वाचणं तुम्हाला पदवीत शिकवलं असेलच, त्यावरची धूळ झटका.

खानदेशाचा खरा फायदा भाषेचा आहे, आणि तो कुणी मोजत नाही. संमती मागताना मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय देणं बंधनकारक आहे. मराठी त्यात आहे, अहिराणी नाही, भिली नाही. आज मराठी म्हणून जे मजकूर दिसतात ते ‘आपल्या वैयक्तिक विदेच्या प्रक्रियाकरणास अनुमती’ या जातीचे. रावेरच्या केळी उत्पादकाला पीकविम्याच्या फॉर्मवर काय लिहिलेलं कळेल? ‘तुमचा सातबारा आणि बँक खातं आम्ही विमा कंपनीला देऊ. हप्ता आणि भरपाईसाठीच. नको असेल तर या नंबरवर सांगा.’ असं लिहिता येणं ही विकली जाणारी कला आहे. अक्कलकुवा-धडगावकडे तोंडी समजावून सांगितल्याची नोंद कशी ठेवायची, यावर तर अजून कुणी धड कामच केलेलं नाही.

गोपनीयता हा मोठ्या शहरांचा विषय आहे असं कुणी म्हणालं तर त्याला टेंभलीची आठवण द्या. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या त्या गावात दिला गेला. आधारलाच आव्हान देणारी याचिका २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि तिच्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा खासगीपणाच्या हक्काचा निकाल आला.

सुरुवात कुठून, तर ओळखीच्या एका पतसंस्थेपासून किंवा हॉस्पिटलपासून. संचालकांना ‘ऑडिट’ म्हणू नका, लगेच दार लावतात; ‘मे २०२७ च्या आधी नोंदवही करून देते’ म्हणा. काम चार-पाच दिवसांचं. पहिल्या दिवशी फक्त काउंटरशेजारी बसायचं आणि कागद कुठे जातो ते बघायचं, कुणाला काही विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी क्लार्क, पिग्मी एजंट आणि सॉफ्टवेअरवाला यांच्याशी वेगवेगळं बोलायचं. तिघांना एकत्र बसवलं की तिघंही व्यवस्थापकाचंच उत्तर देतात. नंतर नोंदवही, आणि शेवटी दोन पानांचा अहवाल: पहिल्या पानावर या आठवड्यात बंद करायच्या तीन गोष्टी, दुसऱ्यावर बाकीचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे आधारचे फोटो बहुतेक ठिकाणी त्या तिनांत असतील. अहवालात खऱ्या खातेदाराचा एकही आधार क्रमांक नमुना म्हणून चिकटवू नका. ही चूक अनुभवी ऑडिटरही करतात.